भरीत खायला बोलावलंत ना, नाना!

प्रिय नाना,

उद्या सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर, आमच्या गाडीवाल्या ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर मी तुमचं नाव सांगणार आहे. माझ्या गाडीची खबर पोलिसांना कोणी दिली, ते सांगणार आहे. म्हणून आज लिहितेय. पाठीमागे बोलायच्या आधी एकदा समोर बोलावं, एवढंच. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं नाहीत. मी करतेय.

समोर म्हणजे काय, तर तुमचा फोटो. धुळ्यातल्या तुमच्याच सायलेन्सरच्या दुकानात, तुमच्याच लोखंडी स्टुलावर बसलेय. फोटोला हार घातलाय आणि तुम्ही मस्त हसताय. तो फोटो मीच काढलेला, गाडीला आपली दुसरी नळी बसली त्या दिवशी. कपाळावर काजळी तशीच आहे. मामीने तोच निवडला. दुसरा एकही फोटो मिळाला नाही का घरात?

माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे. "तेजूनी मराठी म्हंजे एका चाकात हवा कमी," असं म्हणायचात सगळ्यांना. चालेल. आज तशीच चालवते.

सुट्टीत सगळी भावंडं धुळ्याला मामाकडे आली की घरात टीव्हीसमोर पसरायची, आणि मी इथे, खड्ड्यात. वर गाडी, खाली तुम्ही, आणि मी पाने द्यायला. तुम्ही न बघता हात पुढे करायचात आणि मी बरोबर पाना ठेवायचे. चुकीचा दिला तर ओरडायचा नाहीत. तोच घेऊन थोडा वेळ उगाच खटपट करायचात, आणि मग हळूच खाली ठेवून बरोबरचा स्वतः उचलायचात. तेव्हा मला ते केवढं गोड वाटायचं! आज वाटतं, तिथेच ओळखायला हवं होतं मी तुम्हाला. चुकीचा पाना आहे, एवढंसुद्धा तुम्ही तोंडावर सांगितलं नाहीत कधी.

पप्पांनी ती मोठी काळी गाडी घेतली, सात सीटची, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कोण नाचलं? मी. पप्पा केळीच्या व्यापारासाठी रावेर-सावद्याला फिरणार, म्हणून गाडी घेतलेली. आणि मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं, पप्पा, हिला ड्युअल एक्झॉस्ट पाहिजे. एवढी मोठी गाडी आणि मागे एकच नळी? तीही आत वाकलेली, लाजल्यासारखी!

पप्पा मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "नानांना विचार. ते हो म्हणाले तर कर."

खूप नंतर कळलं की पप्पांना खात्री होती तुम्ही नाही म्हणाल. आईलाही. सगळे तुमच्या 'नाही'वर टेकून बसलेले. आणि तुम्ही काय म्हणालात आठवतं? गाडीच्या मागे कमरेवर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात,

"एका इंजिनले दोन शेपट्या कसाले वं?"

"नाना, बॅकप्रेशर कमी होतं. आणि आवाज! नोट एकदम डीप येते."

"डीप म्हंजे?"

मी छातीतून घूंऽऽ असा आवाज काढून दाखवला. शेजारचा घड्याळवाला कुर्बानभाई दुकानातून बाहेर डोकावला. "क्या हुआ नाना, भैंस बांधली काय?"

तुम्ही एवढे हसलात, एवढे हसलात, आणि म्हणालात, "करी देऊत. करी देऊत दोन शेपट्या."

झालं. तो तुमचा 'हो'.

ते दिवस माझ्या आयुष्यातले बेस्ट दिवस होते, हे मी आजही खोडणार नाही. मी परदेशातले सगळे व्हिडिओ बघून आलेले. तुम्ही एकही बघितला नाहीत. म्हणालात, "त्यासना मुलुखमा गाडीखाली स्टेपनी नही लटकत. आपली लटकस. पहिले तिचं बघू."

खरंच की! एका बाजूला डिझेलची टाकी, मधोमध स्टेपनी, तिच्यापुढे मागचा एक्सल. कंपनीचा सायलेन्सर काढून ठेवला, त्याच्या वाटेने एक नवी नळी सरळ जाणार होती. पण दुसरीला वाट कुठे होती? मी फोनवर डायग्राम काढत बसले. तुम्ही पातळ सळई घेतलीत आणि गाडीखाली आडवे होऊन ती सळईच वाकवत नेलीत, टाकीपासून लांब, एक्सलवरून, स्टेपनीला वळसा घालून, पार मागच्या बंपरपर्यंत. मग सळई बाहेर काढून जमिनीवर ठेवली. "हाई तुनी नळी." एखाद्या सापासारखी दिसत होती.

मग नळीत पांझरा नदीची चाळलेली कोरडी वाळू भरली. दोन्ही तोंडांत लाकडाचे बूच ठोकले. म्हणजे गरम करून वाकवताना नळी चपटी होत नाही. गॅसने लालभडक केली आणि सळईच्या मापाने वाकवली. एका वळणावर तुम्ही मला गॅस धरू दिलात. मी व्हिडिओसुद्धा काढला नाही, नाना! मी! सगळं विसरून बघत होते.

आणि ते मागे माणसं बसवायचं! गाडी खड्ड्यात आदळली की एक्सल वर येतो, तेव्हा नळीला लागता कामा नये. ते बघायला तुम्ही आळीतले सगळे जाडे गोळा केलेत. कुर्बानभाई, पलीकडचे किराणावाले आबा, ते रसवंतीवाले, आणि सगळ्यात मागच्या सीटवर मामी.

"अहो, मले कोठे नेतस?" मामी विचारत होती.

"कोठेच नही. बस. वजन दे."

"वजन दे म्हणे! लगीन करं तवय नही मांगं वजन!"

गाडीत हशा, आणि तुम्ही खाली खड्ड्यात हात घालून ओरडताय, "हलू नका रे! हसाले लागनात का एक्सल हालस!" मग ते अजून हसणार आणि गाडी अजून हलणार. शेवटी तुम्हीही खालीच हसत बसलात.

ज्या माणसाबरोबर मी एवढं हसले, त्याच माणसाने मला धरून दिलं.

पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा काय झालं! आख्खी आळी बाहेर. दोन्ही बाजूंनी एकदम, घूऽऽम्! पत्र्याचं शेड थरथरलं. फळीवरचा नटांचा डबा खाली पडला. मी उड्या मारत तुम्हाला विचारलं, "नाना, कसा आहे?" तुम्ही दोन्ही नळ्यांच्या मागे हात धरून हवा बघत होतात. म्हणालात, "दोन्हीकडून सारखी येस." मी विचारलं होतं आवाजाबद्दल. तुम्ही उत्तर दिलं हवेबद्दल. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग तुम्ही एकटेच गाडी घेऊन बायपासला फेरी मारून आलात. मी म्हटलं, आता जोड पक्के वेल्ड करू. तुम्ही म्हणालात, "वेल्डिंग नको. क्लॅम्पच राहू दे. गरम झाली का नळी फुलस, तिले जागा पाहिजे."

आणि मी काय केलं माहितीय? ते रीलमध्ये सांगितलं! थर्मल एक्स्पान्शन, माझ्या नानांची ट्रिक, वगैरे. कमेंटमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना, ट्रिक कसली? क्लॅम्प म्हणजे दोन नट सोडले की नळी हातात! त्या फेरीवरून आलात तेव्हाच तुमचं ठरलं होतं, की ही नळी राहणार नाही. फक्त मला सांगायचं तेवढं राहून गेलं, हो ना?

आता साकिबचं. तुम्हाला साकिब माहीत आहे. जळगावात सीट कव्हर शिवतो, त्याच्या अब्बूंचं दुकान. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात चांगला मित्र माझा तोच. गाडी बघून बाकी सगळे वेडे झाले, हा एकटा म्हणाला, "तेजू, बुरा मत मान. गाडी बोलत नाहीये, ओरडतेय. आत बसून तुझं डोकं नाही दुखत? पोलीस धरतील एक दिन."

तोंडावर म्हणाला. बाकी सगळे मला चढवत होते तेव्हा. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

आणि मग तुमचा फोन आला. "तेजू, उद्या दुपारी ये. मामी भरीत करी राहिनी. गाडी लईसन ये."

भरीत! हिवाळ्यातली पहिली हिरवी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली, वर कच्चं तेल, आणि मामीच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी. मी लगेच ग्रुपवर टाकलं, उद्या धुळे, भरीत, काळी गाडी, जळा लेको!

दुसऱ्या दिवशी धुळ्यात शिरले आणि चौकात शिट्टी वाजली. दुसऱ्या कुठल्याही गाडीकडे बघितलं नाही त्यांनी. सरळ माझ्याकडे. हवालदार मागे जाऊन वाकून बघतात न बघतात तोच, "मॅडम, बाजूला घ्या." आवाज ऐकायला स्टार्टर मारायलाही सांगितलं नाही. जणू त्यांना सगळं माहीतच होतं.

मी घाबरून कोणाला फोन केला? तुम्हाला! "नाना, लवकर या ना, पोलिसांनी धरलंय." तुम्ही रिक्षाने आलात. सोबत पान्यांची पिशवी. आणि गोणपाटात गुंडाळलेला कंपनीचा जुना सायलेन्सर. मला तेव्हा वाटलं, किती पुढचा विचार करतात माझे नाना! जुना सायलेन्सर टाकला नाही, सांभाळून ठेवला, आणि गडबडीतसुद्धा आठवणीने आणला!

तुम्ही रस्त्यावर पोतं अंथरून गाडीखाली शिरलात. हवालदाराचा चहा संपायच्या आत दोन्ही नळ्या खाली. क्लॅम्प होते ना.

भरीत थंड झालं होतं. मी रडत रडत खाल्लं. मामी मला वाढत राहिली, वाढत राहिली, नको म्हटलं तरी. तुम्ही समोर बसलेले. मी म्हटलं, "नाना, कोणीतरी सांगितलंय. मुद्दाम. हा साकिबच. त्याच्या आत्याचा मुलगा आहे ना इथे पोलिसात. आणि मी येणार हे त्याला माहीत होतं."

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. तो पुन्हा मोडलात. आणि म्हणालात,

"असेल."

नाना, खबर दिलीत ना, ती मी एक वेळ समजून घेतली असती. खरंच. पण हे 'असेल'? एक माणूस तुमच्यासमोर दुसऱ्यावर खोटा आळ घेतोय आणि तुम्ही त्याला 'असेल' म्हणता? मी तिथेच, तुमच्या ताटासमोर बसून, ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. साकिब, तू खबरी निघालास. आणि बरंच काही. तुम्ही ऐकत होतात! हात पुढे करून फोन काढून घ्यायचात! ताट लोटायचंत! ठसका लागल्याचं तरी नाटक करायचंत!

काहीच नाही. उठून हात धुवायला गेलात.

थोड्या दिवसांनी ती क्लिप आली. पोलिसांच्या मैदानावर जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडलेले आणि वरून रोड रोलर. सगळे बाईकचे, आखूड आखूड. आणि त्यात आपल्या दोन लांबलचक नळ्या, त्या वळशासकट. पांझरेची वाळू भरून वाकवलेली नळी पापडासारखी चपटी झाली. मी तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका नाना, आपण परत करू. कोण कोणाची समजूत काढत होतं!

साकिबने ग्रुप सोडला. 'खबरी' मात्र त्याला चिकटलं. ग्रुपमधल्या कोणीच त्याच्याकडे सीट कव्हर टाकलं नाही नंतर. ज्याने एकट्याने मला खरं सांगितलं, तोच खोटा ठरला.

मग तुम्ही गेलात. झोपेतच. मी एवढी रडले की आई म्हणाली, "माझा भाऊ गेलाय का तुझा?"

लोक दारावर भेटायला येत होते. ओसरीत सतरंजी, पुरुष बसलेले, मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. तेवढ्यात तेच हवालदार आले. साध्या कपड्यांत होते, म्हणून आधी ओळखले नाहीत. बसले, पाणी प्यायले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"असा माणूस होणे नाही. मागच्या हिवाळ्यात चौकीवर स्वतः चालत आले. म्हणाले, साहेब, उद्या दुपारी माझ्या भाचीची काळी गाडी येईल, तिला दोन नळ्या आहेत, मीच बसवल्यात. पोरीला रागावू नका, काय दंड असेल तो माझ्याकडून घ्या, पण नळ्या काढायला लावा. स्वतःच्या घरातली गाडी सांगणारा माणूस मी नोकरीत दुसरा बघितला नाही."

"वा! धन्य रे बाबा," कोपऱ्यातले आबा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. कौतुक, नाना! तुमच्या बेइमानीचं माझ्यासमोर कौतुक चाललेलं आणि मी हातात पाण्याचा ट्रे धरून उभी. एक ग्लास कलंडला. लोकांना वाटलं, मामाच्या आठवणीने भरून आलं पोरीला.

मी आत मामीकडे गेले. "मामी, तुम्हाला माहीत होतं?"

मामी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भरीत कोनी करं व्हतं, तेजू?"

मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी बायपासवर मागून ट्रकवाला हॉर्न देत होता, देत होता, आणि तुम्हाला आपल्या नळ्यांच्या आवाजात तो ऐकूच आला नाही. ट्रक अगदी चाटून गेला. "घर परत ऊनात आनि जेवनातच नहीत. म्हणे, मन्ही पोर ह्या आवाजमा हायवेवर एकली जास." मामी तेव्हा तुम्हाला म्हणाली, मग सांगा ना तिला. तर तुम्ही म्हणालात, "तिनं तोंड उतरी जाई."

माझं तोंड उतरेल! म्हणून पोलीस!

एक वाक्य होतं, नाना. 'तेजू, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, नळ्या काढू.' मी चिडले असते. फुगले असते. एखादा दिवस जेवले नसते. आणि मग स्वतः खड्ड्यात उतरून क्लॅम्प सोडले असते. तुम्ही मला इतकी वर्षं पाने द्यायला उभं केलंत आणि मला एवढंही कळणार नाही असं वाटलं तुम्हाला? लहान पोरगीच राहिले मी तुमच्यासाठी? तुम्ही माझ्या नळ्या काढल्यात याचं नाही एवढं वाईट वाटत. मला काही सांगण्याजोगी तुम्ही समजलातच नाही, त्याचं वाटतं.

सुतक संपलं, गंधमुक्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी मी जळगावला साकिबच्या दुकानात गेले. तो मशिनवर बसलेला. मला बघूनही पाय थांबवला नाही. मी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या.

मशिन थांबली. "नाना? अपने नाना?"

"हो."

तो हसायला लागला, मग एकदम बंद झाला. "म्हणून होय! मी विचार करायचो, धुळ्याहून एवढ्या गाड्या सीट कव्हरला कशा येतात. आले की म्हणायचे, नानांनी पाठवलंय. मला वाटलं, तेजूने सांगितलं असेल, राग गेला असेल तिचा. फोनची वाट बघितली, यार."

बघा! भरपाईसुद्धा पाठीमागून! त्याला कामं पाठवलीत, शब्द मात्र पाठवला नाहीत. तो बिचारा माझ्या फोनची वाट बघत बसला.

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "खबरी तू मला सगळ्यांसमोर म्हणालीस. हे सॉरी एकट्यात घेऊन मी काय करू? सीटच्या फोममध्ये भरू?"

"सगळ्यांसमोर म्हणेन."

"आणि कोणी विचारलं, मग खबर दिली कोणी? तेव्हा?"

मी फोमचा एक तुकडा उचलून कुस्करायला लागले. तो म्हणाला, "नाव घ्यायचं नसेल तर नको घेऊ. तुझे मामा होते, मी समजू शकतो. पण मग सॉरी पण नको."

मामीला सांगितलं तर तिने माझा हातच धरला. "गयेल मानूसनं नाव नको काढू, बेटा. त्या पोऱ्याले एकलाले सांग ना." आई पण तेच म्हणते. पप्पा म्हणतात, "तुझं तू बघ." म्हणजे पुन्हा तेच! आपल्या घरात कोणालाच तोंडावर नाही म्हणता येत नाही. आधी सगळे तुमच्यावर टाकायचे, आता तुम्ही पण नाही.

आज मामीने मला इथे दुकानात बसवलंय, तुमची राहिलेली कामं कोणाची काय आहेत ते बघायला. नाना, केवढ्या लोकांना 'हो' म्हणून गेलात तुम्ही! सकाळपासून येतायत. "नाना हो म्हणाले होते." "नाना करून देणार होते." एकाला ट्रॅक्टरची चिमणी हवी, एकाला फुकट जोड हवा. आणि आत्ता एक धरणगावचा पिकअपवाला येऊन गेला. त्याला सायलेन्सर आतून पोकळ करून पाहिजे. "गाडी येते ते गावाला कळलं पाहिजे, ताई. नानांनी शब्द दिलाय."

मी तुमच्या फोटोकडे बघितलं. तुम्ही हसतच होतात. मी म्हटलं, "नाही होणार, दादा. आतून पोकळ केला तर मागचा हॉर्न ऐकू येत नाही."

तो बघत राहिला. खरं सांगते, त्याचं तोंड उतरलं. थोडं. मग म्हणाला, "असं का? नाना तर काही बोलले नाहीत."

"नाही बोलायचे ते."

"बरं. मग साधाच कोणाकडे मिळेल, तेवढं सांगा." कुर्बानभाईंनी चहा पाठवला होता, तो प्यायला, पत्ता घेतला आणि गेला. एवढंच, नाना! एवढंच असतं ते! तोंड उतरतं आणि चहा येईपर्यंत परत वर येतं. यासाठी तुम्ही चौकीपर्यंत चालत गेलात?

मला अजून तुमचा राग आहे. यंदा भरीत खाल्लं नाही मी, वास आला तरी उठून जाते. आणि तरी सकाळी तुमची सळई दिसली, भिंतीला टेकलेली, तोच वळसा असलेली. नळ्यांवर रोलर फिरला, माप तेवढं राहिलंय. ती मी गाडीत ठेवलीय. का, विचारू नका. मलाही अजून माहीत नाही.

तर उद्या. उद्या मी काय बोलणार ते ऐकून ठेवा. तुम्ही स्टेपनीला वळसा कसा घातलात ते सांगेन. मागे जाडे बसवलेत ते सांगेन, लोक हसतील. त्या ट्रकचा हॉर्न सांगेन. आणि मग भरीताचं सांगेन. काही गाळणार नाही, तुमच्या बाजूचं नाही आणि साकिबच्याही नाही. तो तिथेच उभा असेल. "येतो," म्हणालाय.

आणि तुम्हाला वचन देते, नाना. कोणी ना कोणी विचारणारच, "काय सांगतेस! खरंच नानांनी केलं? स्वतःच्या भाचीला?" तेव्हा मी भाकरीचे तुकडे मोडत बसणार नाही. 'असेल' म्हणणार नाही. साकिबकडे बघून, तुमचं नाव घेऊन, 'हो' म्हणेन.

तुमची पाने देणारी,
तेजू